फुग्याची दाढी

त्या वर्षी थंडीत त्या गल्लीला सकाळी सकाळी एक आवाज ऐकायची सवय लागली होती. फट्! नव्या माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. जुना माणूस मात्र चहाचा कप खाली न ठेवताच म्हणायचा, "गेला आणखी एक." जायचा तो फुगा. आणि त्याला घालवणारी धाकटी.

धाकटी म्हणजे सलूनवाल्या उस्तादांची मुलगी. चाळिशी ओलांडून तिला बरीच वर्षं झाली होती, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी गल्लीला ती धाकटीच. दुकान खाली, घर वर, आणि वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे बाबा. दुपारनंतर ती नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसायची. सकाळ मोकळी असायची, आणि या मोकळ्या सकाळींनीच आजवर तिचं नाव खराब केलं होतं.

कारण धाकटी दर वर्षी काहीतरी शिकायला घ्यायची. गिटार घेतली, ती आता दाराच्या मागे उभी होती आणि तिच्यावर छत्री टांगलेली असायची. स्वेटर विणायला घेतला. त्याला एकच बाही झाली आणि त्यात मांजर झोपायला लागलं. पोहणं तर चष्मा आणि टोपी विकत घेण्यापर्यंत आलं होतं. एक परदेशी भाषा शिकली, त्यात तिला "स्टेशन कुठे आहे?" एवढं झकास विचारता यायचं, फक्त समोरच्याने उत्तर दिलं तर ते कळायची काही सोय नव्हती. लग्न हे एकच काम तिने कधी सुरू केलं नाही, त्यामुळे ते अर्धवट राहायचा प्रश्नच आला नाही. घरात तिचं लाडाचं नाव होतं 'उद्घाटन'. ते बाबांनीच ठेवलं होतं आणि तीही त्यावर हसायची. हसली नसती तर बिचारीने करायचं काय? तसं बघायला गेलं तर सुरुवात करायलाही छाती लागते, पण हे लोकांच्या लक्षात येत नाही.

तर अशी ही धाकटी, आणि तिच्या हातात वस्तरा. हे कसं झालं ते सांगायला हवं.

उस्तादांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या बशीत कळलं, मग कंगव्यात कळलं. कात्रीचं आणि मशीनचं काम ते कसंबसं निभावून न्यायचे. पण एके दिवशी समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांची दाढी करताना वस्तरा जरासा घसरला. जबड्याखाली मुंगीएवढा लाल ठिपका आला. चष्मेवाले हसले, म्हणाले, "अहो, बायको याहून जास्त ओरबाडते." उस्तादांनी तुरटी लावली, माफी मागितली, वस्तरा पुसून खणात ठेवला आणि खण लावून घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस तो उघडला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची दाढीही सोडली. दुसऱ्या कुणाचा वस्तरा आपल्या गालाला लावून घेणं त्यांना मान्य नव्हतं. साऱ्या जन्मात त्यांच्या चेहऱ्याला परका हात लागला नव्हता. दाढी वाढली, पांढरी, गालावर विरळ आणि हनुवटीवर दाट. सलूनवाल्याची वाढलेली दाढी बघून गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरायला लागलं.

पण दाढीचं सोडा. धाकटीला खरा चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाबा गप्प झाले. या माणसाच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. लहानपणापासून ती सकाळी जागी व्हायची ती खालून येणाऱ्या त्यांच्या आवाजाने: कुणाच्या मेव्हण्याने काय केलं, कुणाच्या पाइपलाइनला कुठे गळती लागली, कोण कोणाशी का बोलत नाही. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर वर यायचा, आणि सगळं जागच्या जागी आहे असं तिला वाटायचं. आता खालून नुसता कात्रीचा आवाज यायचा. तोही अधूनमधून.

मग दादा आला. थोरला भाऊ, मोठ्या शहरात आठव्या मजल्यावर राहणारा, मनाने चांगला. त्याने खुर्चीवर हात फिरवला, आरशातल्या बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. थंडी सरली की मी टेम्पो घेऊन येतो. दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकू. माझ्याकडे लिफ्ट आहे, गॅलरी आहे. आरामात बसा."

"बरं," उस्ताद म्हणाले. एवढंच.

त्या "बरं"ने धाकटी हबकली. बाबांनी वाद घातला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर तिला काही वाटलं नसतं. आठव्या मजल्यावर हा माणूस दिवसभर कोणाशी बोलणार, लिफ्टशी?

"मी शिकते," ती म्हणाली.

"काय?" दादा.

"दाढी करायला. कटिंग बाबांच्या हाताखाली जमेल हळूहळू. दुकान मी चालवते."

दादा इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. बाबाही हसले, बऱ्याच दिवसांनी. "उद्घाटन कधी?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी," धाकटी म्हणाली आणि पाय आपटत वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा बाबा फुग्यांचं पाकीट घेऊन बसले होते. वाढदिवसाला लावतात तसले रंगीत फुगे. त्यांनी एक लाल फुगा फुगवला, खुर्चीच्या हाताला बांधला, ब्रशने त्याच्यावर फेस लावला आणि खणातला वस्तरा तिच्या हाती दिला. "हा गाल समज. फुगा न फोडता सगळा फेस काढायचा. एक फुगा साफ केलास की माणसाच्या गालाला हात लाव. थंडी संपायच्या आत जमलं तर किल्ली आपल्याकडे. नाही जमलं तर मी निघालो दादाकडे."

धाकटीने श्वास रोखला, वस्तरा टेकवला.

फट्!

फेस आरशावर, फेस छताला, फेस बाबांच्या भुवईत. तिच्या नाकावर तर छोटी टेकडीच. शेजारच्या बेकरीत काहीतरी धाडकन पडलं आणि बेकरीवाल्या काकू पीठभरल्या हाताने धावत आल्या. "कोण गेलं? कोण गेलं?"

"फुगा," उस्ताद म्हणाले.

काकूंनी दोघांकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. "घरात वडीलधारं माणूस असताना हे असले खेळ," असं म्हणून त्या गेल्या. जाताना मात्र दारात थांबून त्यांनी विचारलं, "उद्या पण आहे का?"

उद्या होतं. परवाही होतं. पहिले काही दिवस तर मजाच होती. नव्या कामाची म्हणून एक नशा असते आणि ती धाकटीच्या चांगल्या ओळखीची होती. ती पट्ट्यावर वस्तरा परजायला शिकली. साबणाचा फेस किती घट्ट हवा ते तिच्या बोटांना कळायला लागलं. रस्त्यातले लोक काचेला नाक लावून बघायचे. चष्मेवाले सल्ला द्यायचे, "हात हलका ठेव." हे सांगायला काय जातं? हात हलका ठेवायचा हे फुग्यालाही माहीत होतं.

मग नशा उतरली. फुगे फुटतच राहिले. तिरका धरला तर फुटायचा, सपाट धरला तर फेस तसाच राहायचा आणि शेवटी फुटायचाच. एखाद्या दिवशी अर्धा फुगा साफ व्हायचा, वाटायचं, आता आलं हातात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्याला फट्! म्हणजे गाडी पुढे सरकायचं सोडाच, मागेच चालली होती. कपड्यांना कायम साबणाचा वास. नाट्यगृहाच्या खिडकीत एकाने विचारलंही, "बाई, तुमच्याकडे धुलाईचं पण काम आहे का?"

ही वेळ धाकटीला पाठ होती. गिटारच्या वेळी बोटं सोलली तेव्हा ती आली होती, स्वेटरच्या दुसऱ्या बाहीला आली होती, पोहण्याच्या तलावाच्या काठावर टोपी घट्ट वाटली तेव्हा आली होती. ही वेळ आरडाओरडा करत येत नाही. ती प्रेमाने येते, डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, आजच्या दिवस राहू दे. कडक थंडीच्या एका सकाळी त्या वेळेने असाच डोक्यावरून हात फिरवला आणि धाकटीने पांघरूण कानापर्यंत ओढून घेतलं. मांजर स्वेटरच्या बाहीतून बाहेर आलं आणि तिच्या पायाशी येऊन झोपलं. उद्घाटन झालं, समारोपही झाला, असं तिच्या मनात आलं आणि तिला झोप लागली.

दारावर धपाधप थापा पडल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दारात बेकरीवाल्या काकू, हातात ट्रे. ट्रेमध्ये कोळशासारखे काळे बन.

"हे बघ! बघ हे! तू झोपा काढ!"

"मी काय केलं काकू?"

"काय केलंस? आज फोडला नाहीस म्हणून हे झालं!" काकूंचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. "भट्टी तापली की ट्रे आत, तुझा फट् झाला की बाहेर. महिना झाला, मी घड्याळाकडे बघत पण नाही. आज मी आपली उभी कान देऊन, आता फुटेल, मग फुटेल. धूर निघाला तेव्हा कळलं. फोडायचा नव्हता तर आधी सांगायचंस ना!"

धाकटी बनकडे बघत राहिली. मग काकूंकडे. आणि तिला जे हसू फुटलं ते काही थांबेना. काकूही आधी रागावल्या, मग त्यांनाही आवरेना. जिन्यात दोघी भिंतीला टेकून हसत होत्या आणि ट्रेमधले बन खडखडत होते. आपलं हरणंसुद्धा कुणाच्या तरी कामाला येतंय, हे धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. गिटारची वाट कोणी बघत नव्हतं. स्वेटरची तर फक्त मांजर.

"उद्यापासून वेळेवर फोडते काकू," तिने सांगितलं.

"तेवढं बघ बाई."

तेव्हापासून तिने एक केलं. उद्या जमेल का, थंडी संपेपर्यंत जमेल का, हा विचार तिने बाजूला ठेवला. काकूंचे बन जळू नयेत म्हणून ती खाली जायची. एवढं कारण सकाळी उठायला पुरत होतं.

थंडी कमी व्हायला लागली तसा दादा मधेच एकदा आला, टेम्पोवाल्याशी बोलायला. सकाळी दुकानात शिरला तर बहीण फुग्यापुढे वाकलेली.

"हे काय चाललंय?"

"शिकतेय ना. तुला माहीत नाही? तुलाही बाबांनी शिकवलं होतं की लहानपणी."

"मला? मला भोपळ्यावर शिकवलं होतं." दादा आठवून शहारला. "आईने नंतर त्याच भोपळ्याची भाजी केली. साबणाचा वास येत होता. आजही मी भोपळा खात नाही. पण फुगा? फुग्याची दाढी होते का कुठे?"

धाकटी सरळ उभी राहिली. वस्तरा तिने हळूच मिटला.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही शिकलात तेव्हा फुगाच होता ना?"

उस्ताद छताकडे बघायला लागले. छताला अजून पहिल्या दिवसाच्या फेसाचा डाग होता.

"बाबा."

"भोपळा होता," उस्ताद म्हणाले.

"आणि फुगा? फुगा तुम्ही कधी केलात?"

"एका सिनेमात बघितला होता." बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "तू चार दिवसांत सोडशील असं वाटलं गं. दर वेळी सोडतेस तशी. भोपळ्यावर जमलं नसतं तर तुला लागलं असतं, की साधा भोपळा जमला नाही. फुगा फुटला तर त्यात लाज कसली? फुगा फुटायचाच. तू हसत सोडलं असतंस, मीही हसत गेलो असतो दादाकडे. पाचव्या दिवशी तू परत आलीस. मग सांगायचं कसं तेच मला कळेना."

दादाने चुळबुळ करत टेम्पोवाल्याचा नंबर फोनमध्ये शोधायला घेतला.

धाकटीच्या समोर फेसाने माखलेला फुगा होता आणि हातात आजवरचं सगळ्यात भक्कम निमित्त. गिटार तिने बोट दुखलं म्हणून सोडली होती, पोहणं टोपी घट्ट होते म्हणून. इथे तर शिकवणाऱ्यानेच कबूल केलं होतं की त्याला येत नाही. आता सोडलं असतं तर एकही माणूस तिला नाव ठेवू शकला नसता. उलट लोक म्हणाले असते, बिचारी. वस्तरा टेबलावर ठेवायचा, हात धुवायचे आणि वर जायचं, इतकं सोपं होतं ते.

पण गंमत अशी झाली होती की मधल्या दिवसांत कधीतरी तिला हे सगळं आवडायला लागलं होतं. गरम पाण्यातला ब्रश, पट्ट्यावरचा वस्तऱ्याचा सपसप आवाज, काचेबाहेर हात हलवून जाणारी माणसं, शेजारून येणारा ताज्या बनचा वास. फुगा फुटतो हे खरं होतं, पण फुटेपर्यंतचा वेळ तिचा होता. तिला बाबांचा राग आला का? आला. पण तो रागावण्याइतका वेळ टिकला नाही, त्याआधीच तिला हसू आलं.

"म्हणजे तुम्हालाही येत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग या इकडे. दोघं शिकू."

"मी? या हाताने?"

"माझा हात न थरथरता फोडतोय, तुमचा थरथरून फोडेल. निकाल तर एकच आहे ना?"

उस्ताद उठले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी वस्तरा हातात घेतला. हात थरथरत होता, पण धरण्याची ढब तशीच राजेशाही. त्यांनी वस्तरा टेकवला आणि, फट्! पांढऱ्या दाढीत पांढरा फेस कुठे संपतो आणि दाढी कुठे सुरू होते ते कळेना. त्यातून ते खो खो हसायला लागले, अगदी गुदमरेपर्यंत. शेजारून काकूंचा आवाज आला, "आज मधेच का फोडला? मी ट्रे काढू का ठेवू?"

"ठेवा! हा माझा होता!" उस्ताद ओरडले.

त्या दिवसापासून ते रोज तिच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले, आणि आता ते सांगत नव्हते, बघत होते. शिकवणारा माणूस बघत नाही; त्याला आधीच सगळं माहीत असतं ना. आता माहीत नव्हतं म्हणून त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. एका सकाळी ते म्हणाले, "थांब. तू श्वास का धरून ठेवतेस?"

"फुटू नये म्हणून."

"म्हणूनच फुटतो. तू गप्प झालीस की तुझं सगळं अंग मनगटात उतरतं. तुझा खांदा बघ, कानाला लागलाय." ते जरा थांबले. डोळे बारीक करून त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं, जुनं काहीतरी शोधत असल्यासारखं. "आयुष्यात मी एकही दाढी गप्प राहून केली नाही. मला वाटायचं, मी बोलघेवडा म्हणून बोलतो. अगं, तोंड चालू असलं की हाताकडे लक्ष जात नाही, आणि हात आपलं काम करतो. त्या दिवशी चष्मेवाल्यांच्या वेळी मी हात थरथरेल म्हणून गप्प होतो." मग ते स्टुलावरून अर्धे उठलेच. "बोल! त्याच्याशी बोल!"

"कोणाशी?"

"फुग्याशी!"

धाकटीने फुग्याकडे बघितलं. हिरवा होता, जरा उभट. "काय म्हणता?" ती संकोचत म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी आलात."

"असं नाही. मनापासून विचार."

"घरी सगळे बरे? नाही, तुमचा चेहरा जरा फुगलेला दिसला म्हणून विचारलं."

उस्तादांनी मांडीवर थाप मारली. आणि धाकटी बोलत सुटली. तिकीट खिडकीत येणाऱ्या त्या बाईबद्दल, जी दर वेळी पहिल्या रांगेचं तिकीट घेऊन पहिल्या अंकातच झोपते. दादाच्या भोपळ्याबद्दल. बोलता बोलता खांदा कानापासून खाली आला. तो फुगा फुटलाच, पण हनुवटीपर्यंत साफ होऊन फुटला. बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघंही नवा फुगा फुगवायला धावले आणि एकाच फुग्याची दोन टोकं ओढत बसले.

त्यानंतरची एक सकाळ गल्लीत अजून सांगतात.

त्या सकाळी फट् झालंच नाही. काकू भट्टीपाशी कान देऊन उभ्या. चष्मेवाले शटर अर्धं वर करून थांबले. आवाज नाही. धाकटी झोपली असेल म्हणावं तर दुकानात दिवा दिसत होता. काकूंच्या मनात नको नको ते आलं: उस्तादांना काही झालं की काय? हात पुसत त्या धावल्या, मागून चष्मेवाले, एका हातात त्यांचं पुसायचं फडकं तसंच.

दारात दोघं थबकले. आतून धाकटीचा आवाज येत होता, निवांत, सकाळी सकाळी उस्तादांचा यायचा अगदी तसा. "...तर तो म्हणतो, बाई, माझ्या खुर्चीसमोर खांब आहे. मी म्हटलं, अहो, नाटक बघितलं मी, खांब जास्त चांगलं काम करतो." तिच्यासमोर निळा फुगा. वस्तरा अगदी अलगद त्याच्या बगलेतून खाली उतरत होता. फेसाचा शेवटचा पट्टा निघाला, तिने फडक्याने फुगा पुसला, आणि तो तसाच राहिला, गोल, गुळगुळीत, दिव्याचं प्रतिबिंब पोटात घेऊन.

स्टुलावर उस्ताद तोंडावर हात धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची शुद्ध त्यांना नव्हती.

"झाली!" काकूंनी जी आरोळी ठोकली, तिने चष्मेवाल्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. काकूंनी धावत जाऊन धाकटीला मिठी मारली. फुगा दोघींच्या मधे होता. फट्!

"चालेल!" उस्ताद उठून ओरडले. "दाढी झाल्यावर फुटला! तिघांनी बघितलंय!"

मग जळका वास आला आणि काकू "माझे बन!" करत पळाल्या.

चष्मेवाले जरासे घसा खाकरून पुढे आले. "आता माणसाचा गाल लागेल ना? मी बसतो. माझ्या गालाला सवय आहे," असं म्हणताना त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. भला माणूस. पण उस्तादांनी त्यांना हाताने थांबवलं, चार पावलं चालून ते खुर्चीपाशी आले आणि बसले. जन्मभर या खुर्चीच्या मागे उभा राहिलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाईक होऊन तिच्यात बसला. इथून आरसा वेगळाच दिसतो, असं ते पुटपुटले.

धाकटीने कापड पसरलं, गरम टॉवेल ठेवला, फेस लावला. वस्तरा उचलला आणि गप्प झाली. हा फुगा नव्हता. हे बाबा होते.

"बोल," मिटल्या डोळ्यांनी बाबा म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. फुग्याशी बोलत होतीस, बापाशी नाही का?"

मग ती बोलली. लहानपणी सकाळी वर अंथरुणात पडून ती त्यांचा आवाज ऐकायची, ते तिने सांगितलं. शब्द कळायचे नाहीत, पण त्या आवाजावर घर उभं आहे असं वाटायचं. तुम्ही गप्प झालात तेव्हा मला फार भीती वाटली बाबा, असंही तिने सांगून टाकलं. हे समोरासमोर बसून तिला कधी म्हणता आलं नसतं. हात कामात होते म्हणून तोंडाने वाट काढली. वस्तरा गळ्याशी होता. पण फेसाखालचा गाल हसला तो तिला पात्यातून कळला.

एक बाजू झाली. धाकटीने कंबर सरळ केली, बोटं झटकली, खिडकीकडे दोन पावलं टाकली.

बाबांनी एक डोळा उघडला. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा जंगल. "उद्घाटन, निघालीस कुठे? या तोंडाने मला आठव्या मजल्यावर कोणी घेणार नाही."

"बोटं मोकळी करतेय. बसा गप्प. आणि घेतलं असतं तरी मी जाऊ देणार नव्हते."

तिने दुसरी बाजू केली. गळा केला, मिशी केली, तुरटी फिरवली. कुठे लाल ठिपकासुद्धा नव्हता. उस्तादांनी डाव्या हाताने गाल चाचपला, मग उजव्या, थरथरत्या हाताने, वरून खाली, खालून वर, जन्मभर गिऱ्हाइकाचे गाल तपासले तसा. कानाखाली एका जागी बोट थांबलं.

"एक केस राहिलाय," ते म्हणाले. तिने तो केस काढला.

दादा टेम्पो घेऊन आला तेव्हा दुकानाच्या बाकावर बसायला जागा नव्हती. त्याला रांगेत उभं राहावं लागलं, आणि खुर्चीत बसल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं ते इतकंच, की भोपळा तर वापरला नाहीस ना. टेम्पो रिकामा परत गेला. तसा अगदी रिकामाही नाही. चष्मेवाल्यांचं एक जुनं कपाट त्यात बसलं.

एवढं सगळं गोड झालं, पण काकूंची पंचाईत झाली. धाकटीच्या हातून आता फुगे फुटेनात. भिंतीवरचं घड्याळ होतं, पण घड्याळाकडे बघून केलेले बन त्यांना बनच वाटेनात. शेवटी त्या दुकानात येऊन तक्रार करून गेल्या.

म्हणून आता रोज सकाळी, धाकटी पहिल्या गिऱ्हाइकाला फेस लावत असते, तेव्हा उस्ताद गुळगुळीत गालांनी आपल्या स्टुलावर बसतात. एक फुगा फुगवतात, उजव्या हातात वस्तरा घेतात, आणि गिऱ्हाइकाला कुणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट सांगत सांगत तो फुग्यावर टेकवतात. या कामाला हात थरथरला तरी चालतो.

फट्!

"बाहेर काढला!" शेजारून काकू ओरडतात.